विधेयकाखालचे नाव

आमच्या घरी बॅरिस्टर नाथ पै यांचा उल्लेख पूर्ण नावाने क्वचितच होत असे. वडील त्यांना 'बॅरिस्टर' म्हणत, आणि आजोबा नुसते 'नाथ' म्हणत. घरातला कोणी मुलगा शिकून परगावी गेला असावा आणि आता त्याच्या पत्राची वाट पाहायची, अशा स्वरात ते 'आमचो नाथ' म्हणत. वेंगुर्ल्याचा हा माणूस राजापूर मतदारसंघातून १९५७, १९६२ आणि १९६७ असा तीनदा लोकसभेवर निवडून गेला आणि तिन्ही वेळा आजोबांचे मत त्यांना होते. मी लहानपणी जे ऐकले ते सारे त्यांच्या वाणीविषयी होते. सभेला लोक किती कोस चालत जात, कंदील विझत आले तरी माणसे कशी हलत नसत, हे मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्या सभा मीच पाहिल्या असे कधी कधी वाटते. त्यांनी लोकसभेत कोणते विधेयक मांडले होते, हे मात्र मला घरी कोणी सांगितले नाही. बहुधा कोणाला ते ठाऊकच नव्हते.

ते मला कळले विधी महाविद्यालयात, पुस्तकातल्या एका वाक्यातून. घटनेच्या अभ्यासक्रमात गोलकनाथ खटल्याचे प्रकरण संपत होते, चोविसाव्या घटनादुरुस्तीचे प्रकरण सुरू होत होते, आणि त्या दोहोंच्या सांध्यावर लिहिले होते की मधल्या काळात नाथ पै यांनी, संसदेला घटना दुरुस्त करण्याचा अधिकार असावा अशा, म्हणजे चोविसाव्या दुरुस्तीच्याच आशयाचे एक खासगी विधेयक आणले होते, पण ते संमत होऊ शकले नाही. शिकवणाऱ्या सरांनी ते वाक्य वाचले आणि ते पुढे गेले. मी मात्र तेथेच थांबलो होतो. वर्गात बसून मला आजोबांचा आवाज ऐकू येत होता, आणि ज्या नावासाठी आमच्या गावात माणसे रात्र रात्र जागली, त्या नावाच्या वाट्याला कायद्याच्या पुस्तकात एवढीच जागा यावी, याचे मला खरोखर वाईट वाटले. पुढे कोकणातल्या एका तालुक्याच्या न्यायालयात वकिली करताना, जमिनींचे दावे लढवताना, ते वाक्य अधूनमधून आठवत राहिले, आणि एखादा कायदा हाती आला की तो प्रथम कोणाच्या मनात आला असेल याचा शोध घेण्याची सवय मला लागली.

आपल्या संसदेत जो सदस्य मंत्री नाही तो खासगी सदस्य मानला जातो, मग तो सत्तारूढ पक्षाच्या बाकावर बसणारा का असेना. त्याने मांडलेल्या विधेयकाला खासगी किंवा अशासकीय विधेयक म्हणतात. त्याच्यासाठी राखलेला वेळ म्हणजे शुक्रवारचे दुपारनंतरचे अडीच तास, आणि तेही एका शुक्रवारी विधेयकांना तर दुसऱ्या शुक्रवारी ठरावांना. सदस्याने सूचना द्यायची, मसुदा तयार करायचा, सरकारी तिजोरीतून खर्च होणार असेल तर त्याचे निवेदन जोडायचे, 'उद्देश व कारणे' लिहून त्याखाली आपले नाव आणि तारीख घालायची, आणि मग सोडतीत आपला क्रमांक वर येण्याची वाट पाहायची. १९५२ पासून आजवर अशी हजारो विधेयके मांडली गेली आणि त्यांतली फक्त १४ कायदा झाली. चौदावे होते सर्वोच्च न्यायालयाच्या फौजदारी अपिलांच्या अधिकारकक्षेविषयीचे, आनंद नारायण मुल्ला यांचे. ते १९७० च्या ऑगस्टमध्ये कायदा झाले. त्यानंतर एकही नाही. मी विद्यार्थी होतो तेव्हा हा आकडा १४ होता, माझे केस पांढरे झाले तरी तो १४ आहे.

काही वर्षांपूर्वी एका अपिलाच्या निमित्ताने दिल्लीला गेलो असताना शुक्रवारच्या दुपारी लोकसभेच्या प्रेक्षक सज्जात बसण्याची संधी मिळाली. बहुतेक सदस्य दुपारच्या विमानाने आपापल्या मतदारसंघाकडे निघालेले असावेत, कारण खाली बाकांच्या रांगाच्या रांगा मोकळ्या होत्या. एक सदस्य उभे राहून आपल्या विधेयकावर बोलत होते. हातात खुणा केलेले कागद होते, बोलणे तयारीचे होते, आणि ऐकणारे हातावर मोजण्याइतके असूनही त्यांनी आवाज जराही खाली आणला नाही. शेवटी मंत्र्यांनी उत्तर दिले, विषय महत्त्वाचा आहे, सरकार त्याचा विचार करीत आहे, तरी सन्माननीय सदस्यांनी विधेयक मागे घ्यावे, असे सांगितले, आणि सदस्यांनी सभागृहाच्या अनुमतीने ते मागे घेतले. न्यायालयात तडजोडीची पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, दाखल झाल्यावर दावा हाती घेतलेला माणूस जसा कागद गोळा करतो, तसे त्यांनी ते कागद गोळा केले. मला नाथ पै दिसले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; पण त्यांच्या विधेयकाचे काय झाले ते नीट समजून घ्यायचे, हे मी त्या सज्जात ठरवले.

पंजाबातल्या जालंधरच्या गोलकनाथ कुटुंबाची जमीन कमाल धारणेच्या कायद्याखाली गेली आणि ते कुटुंब सर्वोच्च न्यायालयात आले. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी अकरा न्यायाधीशांनी सहा विरुद्ध पाच अशा मतांनी निर्णय दिला की मूलभूत हक्कांना बाधा येईल अशी घटनादुरुस्ती करण्याचा अधिकार संसदेला नाही. आधीच्या दुरुस्त्या न्यायालयाने उलथवल्या नाहीत. सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी निर्णय पुढच्या काळापुरताच लागू केला. पण त्या दिवसापासून संसदेचे हात बांधले गेले.

हा निर्णय आमच्या गावापासून फार दूरचा वाटेल, पण तो तसा नव्हता. आजोबा कूळ होते. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्यातल्या तरतुदींमुळे १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी ते कसत असलेल्या जमिनीचे मालक मानले गेले, पुढे त्या कायद्याच्या कलम बत्तीस-ग खाली किमतीची चौकशी झाली, किंमत हप्त्यांनी भरली आणि कलम बत्तीस-म चा खरेदीचा दाखला हाती आला. तो दाखला आजही माझ्या कपाटात आहे. जमीनदारांनी मालमत्तेच्या हक्काचा आधार घेऊन असे कायदे पाडू नयेत म्हणून १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववी अनुसूची जोडली, आणि त्या अनुसूचीत बिहारच्या कायद्यानंतर दुसऱ्याच क्रमांकावर आमचा हा मुंबईचा कुळवहिवाट कायदा आहे. म्हणजे आजोबांच्या सात-बारावरचे नाव टिकून राहिले त्यामागे संसदेचा घटना दुरुस्त करण्याचा अधिकार उभा होता. गोलकनाथ निर्णयाने त्यांची जमीन गेली नसती, परंतु जी कुळे अजून मालक व्हायची होती, ज्या राज्यांत कायदे अजून व्हायचे होते, त्यांच्या वाटेवर आता न्यायालयाचे दार लागले होते. कुळांच्या मतदारसंघातून आलेल्या समाजवादी खासदाराला ते किती जवळून जाणवले असेल, हे समजायला मला कायद्याच्या पुस्तकाची गरज पडली नाही.

नाथ पै यांनी ७ एप्रिल १९६७ रोजी, शुक्रवारी, आपले विधेयक लोकसभेत मांडले. निकालाला सहा आठवडेही झाले नव्हते आणि चौथी लोकसभा नुकतीच कामाला लागली होती. मागणी थोडक्या शब्दांची होती: घटनेच्या ३६८ व्या अनुच्छेदानुसार संसदेला घटनेची कोणतीही तरतूद दुरुस्त करता येते, हे घटनेतच स्पष्ट लिहावे. एवढी मोठी गोष्ट सरकारच्या पुढाकाराशिवाय, विरोधी बाकावरच्या, छोट्या प्रजा समाजवादी पक्षाच्या एका सदस्याने आणावी आणि साऱ्या देशातल्या घटनातज्ज्ञांनी 'नाथ पै विधेयक' या नावानेच तिची चर्चा करावी, असे आपल्या संसदेच्या इतिहासात क्वचितच घडले आहे. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला, सभागृहात चर्चा झाली. पण शुक्रवारचे अडीच तास आणि घटनादुरुस्तीला लागणारे दोन तृतीयांश बहुमत यांचे गणित जमायला सरकारची मनापासूनची साथ लागते. ती त्या वेळी मिळाली नाही, आणि विधेयक अंतिम मतदानापर्यंत पोहोचलेच नाही.

२७ डिसेंबर १९७० रोजी चौथी लोकसभा विसर्जित झाली. लोकसभेत प्रलंबित असलेली विधेयके विसर्जनाबरोबर व्यपगत होतात, म्हणजे आपोआप संपतात, तसे नाथ पै यांचे विधेयकही व्यपगत झाले. त्यानंतर अवघ्या बावीस दिवसांनी, १८ जानेवारी १९७१ ला, बेळगावात ते गेले. आदल्या दिवशी सीमाप्रश्नातल्या हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी ते तेथे बोलले होते. वय अठ्ठेचाळीस. आमच्या गावी त्या दिवशी चूल पेटली नाही, असे आई सांगते. विधेयक आणि ते मांडणारा माणूस असे एकाच महिन्याच्या आत संपले, हे दोन तारखा शेजारी शेजारी लिहीपर्यंत माझ्याही ध्यानात आले नव्हते.

त्याच वर्षीच्या २८ जुलैला सरकारने चोविसावे घटनादुरुस्ती विधेयक मांडले. मांडणारे कायदामंत्री होते ह. रा. गोखले, तेही मराठीच. ४ ऑगस्टला ते लोकसभेने प्रचंड बहुमताने संमत केले आणि ५ नोव्हेंबरला त्याचा कायदा झाला. त्यात काही गोष्टी नव्या होत्या; घटनादुरुस्तीच्या विधेयकाला राष्ट्रपतींनी संमती दिलीच पाहिजे, ही त्यांपैकी एक. परंतु गाभा तोच होता, जो चार वर्षांपूर्वीच्या एका शुक्रवारी नाथ पै यांनी सभागृहापुढे ठेवला होता. आपल्या कायद्यांच्या आरंभी अधिनियमनाचे एक ठरलेले सूत्र असते, प्रजासत्ताकाच्या अमुकाव्या वर्षी संसदेकडून हा कायदा होवो असे. त्यात मांडणाऱ्याचे नाव येत नाही. विधेयकाखाली जे नाव असते ते कायदा होताना गळून पडते, आणि व्यपगत झालेल्या विधेयकाखालचे नाव तर ग्रंथालयातल्या कागदांपुरतेच उरते.

येथे मला एक अवघड गोष्ट लिहिली पाहिजे, कारण ती न लिहिणे नाथ पै यांच्यावरच अन्याय करणारे होईल. त्यांच्या विधेयकाचा मला अभिमान आहे, पण ते जसेच्या तसे मला पूर्ण पटत नाही. २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद निर्णयात न्यायालयाने चोविसावी दुरुस्ती वैध ठरवली आणि त्याच वेळी सात विरुद्ध सहा मतांनी सांगितले की संसदेला घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. दोनच वर्षांत आणीबाणी आली. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी एकोणचाळिसावी दुरुस्ती आणि पाठोपाठ घटनादुरुस्तीवर न्यायालयाला प्रश्नच विचारता येऊ नये असे म्हणणारी बेचाळिसावी दुरुस्ती, या दोन्ही संसदेच्या त्याच अमर्याद अधिकाराच्या नावाने आल्या. आजोबांच्या दाखल्यामागे संसदेचा अधिकार उभा होता हे जितके खरे, तितकेच हेही खरे की १९७५ मध्ये तुरुंगात गेलेल्या माणसांच्या पाठीशी उभा राहायला हवा होता तो कोणाच्याही बहुमताने न हलणारा हक्क. नाथ पै व्यक्तिस्वातंत्र्याचे कट्टर पुरस्कर्ते होते आणि बेचाळीसच्या लढ्यात त्यांनी कारावास भोगला होता. ते आणखी पाच वर्षे जगते तर आपल्या विधेयकाकडे त्यांनी कसे पाहिले असते, हा विचार मला अनेकदा छळतो. संसद म्हणजे आजोबांसारख्यांची मते एकत्र आलेली जागा, हा त्यांचा विश्वास होता आणि तो विश्वास त्यांनी स्वतःच्या नावाने लिहून ठेवला, यासाठी मी त्यांच्यापुढे नतमस्तक आहे, त्या विश्वासाला पुढे कोणी कसे वापरले हे माहीत असूनही.

कोकणातल्याच आणखी एका माणसाचे विधेयक मला असेच अस्वस्थ करते. गुहागरजवळच्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी केंद्रीय कायदे मंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते वाचताना प्रथम आश्चर्य वाटते ते त्याच्या सौम्यपणाचे. सक्ती देशभर एकदम लावायची नव्हती. ज्या गावी ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तेथल्याच नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने, सरकारची परवानगी घेऊन, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी ती लावायची, मुलींचा विचार पुढे करायचा. महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या बापाकडून फी घ्यायची नाही. खर्चाचे दोन हिस्से सरकारने उचलायचे आणि एक हिस्सा स्थानिक संस्थेने. नकार देणाऱ्यांना कारण सापडू नये म्हणून गोखल्यांनी आपल्या मागणीला इतक्या अटी घातल्या की ती वाचताना गरिबाघरची आई सावकारापुढे हप्त्यांचा हिशेब मांडते तसे वाटते. वर्षभर प्रांतिक सरकारांची आणि संस्थांची मते मागवली गेली. १९ मार्च १९१२ रोजी मतदान झाले: बाजूने १३, विरुद्ध ३८. त्या तेरांत मदनमोहन मालवीय होते, बॅरिस्टर जिना होते. सरकारी सदस्यांचे मत ठरलेलेच होते.

आपले विधेयक फेटाळले जाणार हे गोखल्यांना माहीत होते आणि त्यांनी ते सभागृहात बोलूनही दाखवले. आपल्या पिढीला मुख्यतः अपयशांतूनच देशाची सेवा करावी लागणार, यशातून सेवा करण्याचे भाग्य पुढच्यांचे, अशा अर्थाचे ते बोलले. तीन वर्षांनी ते गेले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांनी मुंबई प्रांताच्या कायदे मंडळात, तेही खासगी सदस्य म्हणूनच, नगरपालिकांना सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा कायदा करवून घेतला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला, आणि मुलीलाही, शिक्षणाचा हक्क देणारा केंद्रीय कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. गोखल्यांच्या विधेयकाला तेव्हा नव्व्याण्णव वर्षे झाली होती. आमच्या तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत त्या वर्षी मी पालकांना कायदा समजावून सांगायला गेलो होतो. भाषणाच्या सुरुवातीला मी गोखल्यांचे नाव घेतले, आणि त्या तेरा मतांची गोष्ट सांगितली. मागच्या रांगेतली एक आजी नंतर जवळ येऊन म्हणाली की मुलींचा विचार पुढे करू असे ते म्हणाले, तो 'पुढे' आपल्या वेळेपर्यंत आलाच नाही. ती शाळेत गेलेली नव्हती.

मांडणाऱ्याचे नाव लोकांनी टिकवल्याचे एक उदाहरण माझ्या रोजच्या कामात आहे. हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा १९३७ चा कायदा मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख यांनी केंद्रीय विधिमंडळात खासगी सदस्य म्हणून आणला आणि वकिलांच्या तोंडी तो आजही 'देशमुख कायदा' आहे. त्याने विधवेला मुलाबरोबरीचा हिस्सा दिला, तोही पूर्ण मालकीचा नव्हे, हयातीपुरता. डॉक्टरांना मागायचे होते त्याहून हे कमी होते. कायदा होता होता त्यातले बरेच कापले गेले. तरीही बाजारपेठेतल्या एका घराच्या वाटपाच्या दाव्यात, ज्या बाईचा नवरा १९४३ मध्ये वारला आणि जिला सासरच्यांनी पडवीतल्या खोलीपलीकडे काही दिले नव्हते, तिच्या लेकीच्या वतीने मी याच कायद्यावर उभा राहिलो. १९३७ ने दिलेला मर्यादित हक्क १९५६ च्या वारसा कायद्याने पूर्ण मालकीचा झाला, असा तो मुद्दा. निकाल आमच्या बाजूने लागला. निकालपत्र वाचून दाखवताना 'देशमुख कायदा' हे शब्द आले तेव्हा अशिलाने मला विचारले की हे देशमुख कोण, आपल्याकडचे का. मी सांगितले ते तिने लक्ष देऊन ऐकले. जिच्या आईला तो हक्क मिळाला तिला तो मागणाऱ्याचे नाव कळले, याचा मला निकालाइतकाच आनंद झाला.

माझी मुलगी अमेरिकेत डेट्रॉइटजवळ राहते. तिच्याकडे गेलो असताना तिने मला तेथल्या काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, सदस्यांच्या विधेयकांच्या याद्या दाखवल्या, आणि त्यातली एक गोष्ट मला आपल्यापेक्षा निराळी आणि सुंदर वाटली. प्रत्येक सदस्याच्या नावासमोर दोन याद्या असतात: त्याने स्वतः प्रस्तावक म्हणून आणलेली विधेयके, आणि दुसऱ्याच्या ज्या विधेयकांवर त्याने सह-प्रस्तावक म्हणून आपले नाव घातले ती. कोणी पहिल्या दिवशीच सही केली आणि कोण सहा महिन्यांनी आला, हे तारखेसह लिहिलेले असते. नाव मागे घेतले तर तेही नोंदवले जाते. तेथल्या प्रतिनिधिगृहात विधेयक मांडायला परवानगी लागत नाही, चिटणिसांच्या मेजाजवळच्या लाकडी पेटीत ते टाकले की झाले. पूर्वी तेथेही एका विधेयकावर एकच नाव चाले आणि पाठिंबा दाखवायचा तर शब्दशः तेच विधेयक आपल्या नावाने पुन्हा टाकावे लागे. १९६७ मध्ये नियम बदलला आणि पंचवीस सह-प्रस्तावकांना वाव मिळाला. पुढे ती मर्यादाही गेली. आमच्या नाथांनी एकट्याच्या नावाने विधेयक मांडले ते हेच वर्ष.

डेट्रॉइटचा एक मतदारसंघ आज श्री ठाणेदार यांच्याकडे आहे, जे बेळगावात वाढले. एकेकाळी त्याच शहरातून जॉन कॉनियर्स निवडून येत. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली ४ एप्रिल १९६८ ला, आणि चौथ्या दिवशी कॉनियर्स यांनी किंग यांच्या जन्मदिनी राष्ट्रीय सुट्टी असावी असे विधेयक मांडले. ते पडून राहिले. त्यांनी ते पुन्हा मांडले, पुन्हा मांडले. १९७९ मध्ये मतदानापर्यंत पोहोचले तेव्हा दोन तृतीयांशाला फक्त पाच मते कमी पडली. शेवटी १९८३ मध्ये जे विधेयक संमत झाले त्यावर प्रस्तावक म्हणून नाव होते इंडियानाच्या केटी हॉल यांचे, ज्या सभागृहात नव्यानेच आल्या होत्या. २ नोव्हेंबरला अध्यक्ष रेगन यांनी त्यावर सही केली. पंधरा वर्षे एकाने ओढलेला रथ शेवटच्या वळणावर दुसरीच्या हाती गेला, आणि तो देवळापर्यंत पोहोचला. मुलीच्या घरी त्या सुट्टीच्या सोमवारी नातवाला शाळा नव्हती, आणि त्याला ही हकीकत सांगताना मी दोन्ही नावे सांगितली.

आपल्याकडे विधेयक एकट्याचे असते. सभागृहात बोलून किंवा मत देऊन पाठिंबा देता येतो, पण विधेयकाच्या कागदावर शेजारी उभे राहण्याची सोय नाही. मला वाटते ती असायला हवी. नाथ पै यांच्या विधेयकाला वेगवेगळ्या पक्षांतून पाठीराखे होते आणि विरोधकही होते. ते कोण कोण, हे आज शोधायचे तर चर्चांचे जाडजूड खंड चाळावे लागतात. पन्नास नावे त्या एका नावाखाली असती तर सरकारला ते विधेयक शुक्रवारच्या कोपऱ्यात इतका काळ ठेवता आले असते, असे मला वाटत नाही. आणि लोकसभा विसर्जित झाल्यावर, मांडणारा माणूस गेल्यावर, त्या पन्नासांतल्या कोणाला तरी ते पुन्हा उचलावेसे वाटले असते. द्रमुकचे तिरुची शिवा यांनी तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचे विधेयक २४ एप्रिल २०१५ रोजी राज्यसभेत एकमताने संमत करून घेतले, ही कित्येक वर्षांनंतर घडलेली गोष्ट होती. लोकसभेत ते पुढे सरकले नाही, सरकारने स्वतःचे विधेयक आणले आणि २०१९ मध्ये त्याचा कायदा झाला. ज्यांच्यासाठी तो होता त्यांच्यापैकी अनेकांना शिवा यांचा मसुदा अधिक जवळचा वाटत होता. सुप्रिया सुळे यांनी कामाची वेळ संपल्यावर कार्यालयाचा फोन न उचलण्याच्या हक्काचे विधेयक २०१८ मध्ये मांडले, ते लोकसभेबरोबर संपले, आणि २०२५ च्या डिसेंबरात त्यांनी ते पुन्हा मांडले. असे पुन्हा मांडणारे लोक मला फार मोलाचे वाटतात, त्यांचा पक्ष कोणताही असो.

गेली काही वर्षे अधिवेशन चालू असेल तेव्हा शुक्रवारी दुपारी मी शक्यतो न्यायालयातले काम लवकर आटोपतो आणि कार्यालयात बसून दूरदर्शन संचावर खासगी विधेयके मांडली जाताना पाहतो. पीठासीन अधिकारी नाव पुकारतात, सदस्य उभे राहून विधेयक मांडण्याची अनुमती मागतात, होकार येतो, सदस्य म्हणतात की मी विधेयक मांडतो, आणि पुढचे नाव पुकारले जाते. एका विधेयकाला मिनिटभरही लागत नाही. काहींची नावे पुकारली जातात तेव्हा ते जागेवर नसतात. मी वकिलांची एक जुनी डायरी त्यासाठी ठेवली आहे, तिच्यात पक्षकाराच्या रकान्यात सदस्याचे नाव लिहितो, दाव्याच्या रकान्यात विधेयकाचा विषय, आणि आजची तारीख. माझा कनिष्ठ सहकारी मध्येच येऊन ती डायरी चाळत होता. सगळ्या नोंदींपुढे 'पुढील तारीख' हा रकाना कोरा कसा, असे त्याने विचारले. मी त्याला बसायला सांगितले, आणि पहिल्या पानावर ७ एप्रिल १९६७ या तारखेपुढे लिहिलेले नाव दाखवले.